योजनेचं कार्ड का प्रायव्हेट पॉलिसी?

साळभाऊ विचारत होता, सरकारी योजनेचं आयुष्मान कार्ड आहे त एजंटची आरोग्य विम्याची पॉलिसी कायले घेऊ.

पैशाचं पाहिलं त कार्ड फुकट, कुटुंबाले वर्षाचं ५ लाखाचं कव्हर. पॉलिसीचा हप्ता दरवर्षी, अन् तो जूनमध्ये आला त नेमका बियाणं-खत घ्यायच्या टायमाले. सप्टेंबर २०२५ पासून त्याच्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला म्हणा, पण वय वाढलं का हप्ता वाढतेच.

जुनी बिमारी असन त कार्डावर पहिल्या दिवसापासून चालते, पॉलिसीत ३ वर्षांपर्यंत थांबा. कंपनी नफ्यासाठी बसली आहे, आधीच बिमार माणूस तिले कायले पाहिजे?

पण कार्डाचीही गोम आहे. ठरलेले ऑपरेशन-इलाज अन् ठरलेलेच दवाखाने, यादीत नसलेला इलाज खिशातूनच. माह्या बाबाच्या टायमाले एका दवाखान्यानं योजनेत भरती केलं अन् चिठ्ठ्या देऊन देऊन ४ हजाराच्या गोळ्या बाहेरून आणायले लावल्या, तोही नफाच न भाऊ! पॉलिसीत दवाखाना निवडता येते, पण कॅशलेसवाले (बिल कंपनी थेट भरते असे) नागपूर-अमरावतीलेच जास्त.

कोरडवाहू शेती, घरी शुगर-बीपीचे म्हातारे, त कार्डच बरं. पगार असन, वय तिशीतलं असन त पॉलिसी आताच घ्या, कार्डही राहू द्या.