खोकल्यावर बाटली घ्यावी की घरचे औषध करावे?

दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनच्या मळणीचा धुराळा आणि पहाटेचा गारठा एकदमच येतात, आणि परभणी-हिंगोलीकडच्या मेडिकलमध्ये "खोकल्याचं काहीतरी द्या" म्हणणाऱ्यांची रीघ लागते. बाटली घ्यावी की घरातल्या मध-आल्यावर भागवावे, हे खोकणाऱ्याचे वय, खोकल्याचा प्रकार आणि तो किती दिवसांपासून आहे, यांवरून ठरवावे. सर्दीपाठोपाठ येणारा खोकला बहुधा विषाणूंमुळे होतो आणि तो सरासरी अडीच आठवडे रेंगाळतो. आपली अपेक्षा मात्र आठवड्याभरात बरे वाटावे अशी असते. त्यामुळे दहाव्या-बाराव्या दिवशी जे काही पोटात जाते त्यालाच गुण आल्याचे श्रेय मिळते, मग ती बाटली असो वा आजीचा काढा.

दुकानातल्या बाटल्यांत ढोबळमानाने तीन प्रकारची औषधे असतात. डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा लेव्होक्लोपेरास्टिन हे उबळ दाबतात, म्हणून ते कोरड्या खोकल्याचे. ॲम्ब्रोक्सॉल, ब्रोमहेक्सिन आणि ग्वायफेनेसिन यांचे काम बेडका पातळ करून सुटा करण्याचे. तिसरी क्लोरफेनिरामिनसारखी ॲलर्जीची औषधे. त्यांनी वाहते नाक थोडे थांबते आणि झोप मात्र हमखास येते. बाटली उलटी करून मागचे बारीक अक्षर वाचले, तर उबळ दाबणारे आणि कफ सोडवणारे औषध एकाच चमच्यात घातलेले पुष्कळदा आढळते. एक म्हणते खोकू नको, दुसरे म्हणते खोकून टाक. अशी मिश्रणे घेण्यात मला तरी काही हशील दिसत नाही. टर्ब्युटालिन असलेले सिरप दम्याची घरघर असणाऱ्याला उपयोगी पडू शकते. इतरांना त्याने हात थरथरणे आणि छातीत धडधडणे एवढेच पदरात पडते. विनाचिठ्ठी मिळणाऱ्या या औषधांच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये एकत्रित आढावा घेतला, तेव्हा ती गुणकारी आहेत किंवा निरुपयोगी आहेत असे ठामपणे सांगण्याजोगा पुरावा हाती लागला नाही.

मधाची बाजू यापेक्षा थोडी भक्कम आहे. मुलांच्या खोकल्यावरील चाचण्यांच्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात, काहीच न देण्यापेक्षा मध दिलेला बरा, आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या तुलनेत त्याच्या परिणामात फारसा फरक नाही, असे दिसले. निजण्याच्या अर्धा तास आधी अर्धा ते एक चहाचा चमचा मध नुसता चाटवावा. मोठ्यांनी कोमट पाण्यात आल्याच्या रसाबरोबर घेतला तरी चालतो. मधुमेह असणाऱ्याने तो साखरेतच मोजावा. एक वर्षाच्या आतील बाळाला मात्र मध मुळीच देऊ नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. बारशाच्या आधीच बाळाच्या जिभेवर मधाचे बोट ठेवण्याची रीत म्हणूनच सोडून द्यावी, घरातली वडीलधारी रुसली तरी.

बाकी घरगुती उपायांत अडुळसा लक्षणीय आहे. आपल्याकडे बांधावर, कुंपणाला वाढणाऱ्या या झुडपातील व्हॅसिसिन या द्रव्यापासूनच ब्रोमहेक्सिन घडवले गेले. बाटलीतल्या औषधाचे मूळ असे गावात असले, तरी घरी उकळलेल्या पाल्यात ते द्रव्य किती उतरते याचा अंदाज बांधता येत नाही. गरोदर बाईने तर तो काढा घेऊच नये. हळदीचे दूध घशाला ऊब देते, पण वसमतची उत्तम हळद घातली तरी तिच्यातले कर्क्युमिन हे गुणकारी मानले जाणारे द्रव्य रक्तात फारच कमी शोषले जाते. ज्येष्ठमधाची कांडी चघळल्याने घसा शमतो. रक्तदाब असणाऱ्याने ती रोज चघळू नये, कारण तिच्याने दाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. वाफाऱ्याने नाक मोकळे वाटते, परंतु उकळत्या पातेल्यावर लहान मुलाला वाकवणे म्हणजे भाजण्याला आमंत्रण आहे. आणि बिबा तर कुठल्याच रूपात नको. तो उतला की अंगाची कशी आग होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

लहान मुलांच्या बाबतीत तुलनेचे पारडे पुरते एका बाजूला झुकते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपने मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक मुले दगावली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. तमिळनाडूत तयार झालेल्या त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य तब्बल ४८ टक्क्यांच्या घरात आढळले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे टाळावीत, असे कळवले. भेसळ नसती तरी या वयात त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही. वर्षाच्या पुढच्या मुलाला मध, भरपूर पातळ पदार्थ आणि चोंदलेल्या नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब एवढे पुरते; छाती आत ओढली जात असेल, श्वास भरभर चालत असेल किंवा मूल दूध ओढत नसेल, तर काढाही नको आणि बाटलीही नको, सरळ दवाखाना गाठावा.

मोठ्या माणसाचा कोरडा खोकला रात्री झोपू देत नसेल, तर तीन-चार रात्री एकट्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनचे सिरप घेण्यास हरकत नाही, मात्र नैराश्यावरील गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. कफाच्या खोकल्यावर उबळ दाबणारे औषध घेऊ नये. दोन आठवडे उलटूनही खोकला हटत नसेल, किंवा त्याआधीच बेडक्यात रक्त, संध्याकाळचा ताप अथवा वजनात घट दिसली, तर तिसरी बाटली आणण्याचे पैसे वाचवून सरकारी रुग्णालयात क्षयाची तपासणी करावी. ती मोफत होते. ज्यांचा खोकला सर्दी-ताप काही नसताना महिनोन्महिने चालू आहे, त्यांनी रक्तदाबाच्या गोळीचे पाकीट डॉक्टरांना दाखवावे: एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्यांनी काहींना असाच कोरडा खोकला लागतो, आणि डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की तो बहुधा काही आठवड्यांत आपोआप जातो.