आंघोळीच्या पाण्यात ब्लीच की अँटिसेप्टिक? सेप्टिक टँक असलेल्या घरासाठी

घरात कुणाला इसब आहे, त्वचा सारखी चिघळते, म्हणून डॉक्टरांनी टबभर पाण्यात थोडं ब्लीच घालून बसायला सांगितलं आहे. घराचं सांडपाणी मात्र सेप्टिक टँकमध्ये जातं. टाकीतले जिवाणूच मेले तर काय, ही शंका मग येतेच. अशा वेळी बरेच जण ब्लीचला बिचकतात आणि त्याऐवजी ‘सौम्य’ वाटणारं, सुवासिक अँटिसेप्टिक पाण्यात ओततात. टाकीच्या दृष्टीने पाहिलं तर हा सौदा उलटा पडतो.

त्याआधी एक गोष्ट तपासा. न्हाणीघराचं पाणी टाकीत जातं तरी का? अनेक घरांत फक्त संडासाचं पाणी टाकीत जातं आणि आंघोळीचं थेट शोषखड्ड्यात किंवा बागेत सोडलेलं असतं. तसं असेल तर काळजी टाकीची नाही, माती आणि झाडांची करायची.

टाकीत जड मैला तळाशी गाळ होऊन बसतो, तेल-चरबी वर साय धरते आणि मधलं पाणी दुसऱ्या टोकाने शोषखड्ड्याकडे निघून जातं. ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू तळाचा गाळ हळूहळू पचवतात. पाणी तिथे साधारण एक ते दोन दिवस थांबतं, गाळ मात्र वर्षानुवर्षं. त्यामुळे जंतुनाशक टबात किती जोरकस आहे, यापेक्षा टाकीत पोचल्यावर ते किती काळ टिकतं आणि पाण्याबरोबर निघून जातं की गाळात मुरतं, यावर सगळं ठरतं.

ब्लीच: नावाने भयंकर, मुक्काम अल्प

इसबासाठी सांगतात ते प्रमाण फार पातळ असतं. दीडशे लिटरच्या भरलेल्या टबात पाव ते अर्धा कप साधं घरगुती ब्लीच, पाच-दहा मिनिटं, आठवड्यातून दोनदा. सहा टक्क्यांचं १२० मिलिलिटर ब्लीच धरलं तर त्यात सोडियम हायपोक्लोराइट भरतं साधारण सात ग्रॅम. टबात ते लिटरमागे पन्नास मिलिग्रॅमच्या आत राहतं. तेच सात ग्रॅम तीन हजार लिटरच्या टाकीत नीट मिसळले असं मानलं, तर लिटरमागे अडीच मिलिग्रॅमही होत नाहीत.

आणि तेवढेही पोचत नाहीत. ब्लीचमधलं क्लोरीन सेंद्रिय पदार्थावर तुटून पडतं आणि त्यातच संपतं. टबात त्वचेचा मळ आणि घाम त्याला खातात, पाइपमध्ये आतून बसलेला बुळबुळीत थर खातो. टाकीच्या तोंडाशी सल्फाइड आणि अमोनिया तर वाटच बघत असतात. बहुतांश हायपोक्लोराइटचं शेवटी साधं क्लोराइड होतं, म्हणजे मिठातलंच. तळाच्या गाळापर्यंत त्याची मजल जात नाही.

मग टाकी बंद पाडायला किती ब्लीच लागेल? अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठातल्या १९८७ च्या एका अभ्यासात सुमारे ३,८०० लिटरच्या टाकीतले जिवाणू नष्ट व्हायला जवळपास पाच लिटर ब्लीच एकदम ओतावं लागेल असं दिसलं, आणि त्यानंतरही काही दिवसांतच त्यांची संख्या पूर्ववत झाली. अर्धा कप कुठे आणि पाच लिटर कुठे! त्याच अभ्यासात तुंबलेली मोरी मोकळी करायच्या एका दाहक पावडरीचे अकरा-बारा ग्रॅम टाकीला पुरले होते. ब्लीचला नावं ठेवणाऱ्या घरात ती पावडर बिनदिक्कत वापरली जाते, याची मला गंमत वाटते.

ब्लीचचा खरा धोका टाकीला नाही, न्हाणीघरातल्या माणसाला आहे. ब्लीचचं पाणी टबात असताना किंवा सोडल्या सोडल्या त्यावर ॲसिड असलेला टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर घातलं तर क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया असलेला क्लीनर घातला तर क्लोरामाइन, दोन्ही विषारी. टब आधी साध्या पाण्याने विसळा, बाकीचं नंतर. आंघोळीसाठी ब्लीचही साधंच हवं. सुगंधी किंवा घट्ट केलेलं चालत नाही.

अँटिसेप्टिक द्रव: इथे थांबून लेबल वाचा

पाण्यात घातल्यावर दुधाळ होणारं, डेटॉलसारखं द्रव म्हणजे क्लोरोझायलेनॉल, बाटलीत साधारण ४.८ टक्के. टोपणभर, समजा दहा मिलिलिटर घेतलं, तर मूळ औषध अर्धा ग्रॅमही भरत नाही. ब्लीचच्या सात ग्रॅमपुढे ते किरकोळ दिसतं. पण हा क्लोरीन जोडलेला फिनॉल आहे. मळाशी गाठ पडताच ब्लीच संपतं तसं याचं होत नाही, आणि ऑक्सिजन नसलेल्या जागी त्याचं विघटन सावकाश होतं. शिवाय माशांना आणि इतर जलचरांना ते चांगलंच घातक आहे, म्हणजे शोषखड्ड्यालगत विहीर किंवा ओढा असेल तर विचार करायला हवा. आठवड्यातून एखादं टोपण टाकी सहज सोसते. रोज घरातल्या प्रत्येकाच्या पाण्यात टोपण, वर फरशी आणि कपड्यांनाही तेच, असा शिरस्ता असेल तर मी तो मोडेन.

टाकीसाठी सगळ्यांत चिवट गट तिसरा: बेन्झाल्कोनियम क्लोराइड, सेट्रिमाइड आणि त्यांची भावंडं. यांच्या रेणूंवर धन भार असतो, त्यामुळे ती गाळाच्या कणांना चिकटून बसतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात ती फारशी सापडत नाहीत म्हणून सगळं आलबेल वाटतं, पण ती तळाशी जमा होत असतात, आणि ऑक्सिजनविना त्यांचं विघटन जवळपास होतच नाही. गाळ पचवण्याचा शेवटचा टप्पा मिथेन वायू तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे असतो, आणि तेच यांना लवकर बळी पडतात. साबण यांचा जोर बराच मारतो, हा त्यातल्या त्यात दिलासा. ही रसायनं आंघोळीच्या पाण्यापेक्षा फरशी पुसायच्या द्रवातून आणि जंतुनाशक फवाऱ्यातून घरात जास्त येतात. बाटलीमागच्या बारीक अक्षरांत ‘ओनियम क्लोराइड’ असा शेवट असलेलं लांबलचक नाव दिसलं की तेच समजा.

बाकीचे, झटपट

पोटॅशियम परमँगनेट औषधी प्रमाणात, म्हणजे दहा हजारात एक भाग, टाकीपर्यंत पोचेतो तपकिरी साका होऊन बसतं. टाकीला काही नाही, टबाला आणि नखांना मात्र डाग. हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होतो, विषय संपला. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल तर टाकीतल्या जिवाणूंचं खाद्यच आहे. एप्सम सॉल्टमध्ये सल्फेट असतं. टाकीत त्याचं हायड्रोजन सल्फाइड होऊ शकतं, म्हणजे कुजक्या अंड्याचा वास. साधं मीठ ओंजळींनी रोज जात असेल तर त्यातलं सोडियम शोषखड्ड्याभोवतीच्या चिकणमातीचे कण विस्कटतं आणि पाणी जिरणं मंदावतं.

औषध राहू द्या, पाणी बघा

या सगळ्या हिशोबात एक गोष्ट नेहमी सुटते. टाकी कायम भरलेलीच असते. जितकं पाणी आत येतं तितकंच त्या क्षणी दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. टबाचं बूच काढलं की काही मिनिटांत दीडशे लिटर आत घुसतात. त्यांच्या रेट्याने तळाचा गाळ हलतो, बारीक कण तरंगत शोषखड्ड्याकडे जातात आणि मातीची छिद्रं बुजवतात. जिवाणू मेले तर दोन-तीन दिवसांत परत येतात, कारण संडासाच्या प्रत्येक पाण्याबरोबर नवे उतरतच असतात. बुजलेला शोषखड्डा तसा परत येत नाही, तो खणावा लागतो.

म्हणून औषधी आंघोळीच्या दिवशी वॉशिंग मशीन लावू नका. बूच अर्धवट उघडून पाणी सावकाश जाऊ द्या. पंधरा-वीस लिटरच्या बादलीत काम भागत असेल तर उत्तमच, पण औषधाचं प्रमाण त्या पाण्याच्या हिशोबाने डॉक्टरांना विचारून घ्या. टबाचं माप बादलीत ओतलं तर द्रावण कितीतरी पट तीव्र होईल आणि त्वचेची आग होऊ शकते. आणि हजार-दीड हजार लिटरचा हॉट टब सेप्टिक टँकमध्ये कधीच रिकामा करू नये, पाण्यात क्लोरीन असो वा नसो.

मग घ्यायचं काय?

डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ब्लीच. टाकीच्या भीतीने स्वतःच्या मनाने औषध बदलू नका. जास्तच धास्ती वाटत असेल तर आंघोळ झाल्यावर पाण्यात थोडं क जीवनसत्त्व विरघळवा, क्लोरीन तिथेच निकामी होतं. मला त्याची गरज वाटत नाही. मात्र त्याच आठवड्यात कपड्यांना ब्लीच आणि फ्लश टाकीत क्लोरीनची गोळी असं सगळं एकदम नको. ती गोळी प्रत्येक फ्लशला थोडी थोडी सुटत राहते, दोन वेळच्या आंघोळीपेक्षा तिच्यावर लक्ष ठेवा.

डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, फक्त स्वच्छ वाटतं म्हणून घालायचं, तर काहीच घालू नका. अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटक घरगुती अँटिसेप्टिक साबणांतून बाद केले. साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस असल्याचा पुरावा उत्पादकांनी दिलेला नाही, हे त्यामागचं एक कारण होतं.

साध्या सेप्टिक टँकऐवजी टाकीत हवा खेळवून सांडपाणी शुद्ध करणारी छोटी यंत्रणा घरी असलेल्यांनी मात्र हात आखडता घ्यावा. त्यातला जिवाणूंचा ताफा लहान असतो आणि झटका लवकर बसतो. बसवणाऱ्याच्या सूचना आधी वाचा.

मोरी गुडगुडायला लागली, वास सुटला किंवा शोषखड्ड्यावरची जमीन ओली दिसली, तर लगेच आंघोळीला दोष देऊन जिवाणूंच्या पावडरीचं पाकीट आणू नका. टाकी उपसणाऱ्याला बोलावून गाळ मोजून घ्या. गाळ आणि साय मिळून उंचीचा तिसरा हिस्सा व्यापला असेल तर उपसा करायचाच. स्वतः झाकण उघडून आत वाकू नका. आतला वायू माणसाला क्षणात बेशुद्ध करतो.