सरकारी आयटीआय, फिटर ट्रेड : चौदा महिने कानस मारल्यानंतर

मी सरकारी आयटीआयत फिटर शिकतो, म्हणजे लोखंडाचे भाग हाताने कापून-घासून मापात बसवायचं काम. गेल्या डिसेंबरात एका सोमवारी हजेरीच्या थंब मशीनने माझा अंगठा घ्यायचं बंद केलं. शर्टाला पुसून लावला, फुंकर मारून लावला, दुसऱ्या हाताचा लावला. मागे रांगेतली पोरं ओरडायला लागली तसे सर आले, माझा हात उलटा करून बघितला आणि म्हणाले, "रेषा गेल्यात रे तुझ्या. कानस मारताना लोखंडी फ्लॅटवर अंगठा घासतोस तू." फिटरच्या बॅचमध्ये दरवर्षी एक-दोघांचं असं होतं म्हणे.

हसण्यासारखं तिथवरच होतं. ८० टक्के हजेरी नसेल तर वार्षिक परीक्षेला बसता येत नाही, आणि हजेरी धरतात ती त्या मशीनवरून. रोज सकाळी वर्कशॉपमध्ये हजर असून माझे नऊ दिवस गैरहजर लागले. ते सुधारून घ्यायला सरांचं पत्र, गटनिदेशकांची (सरांच्या वरचे) सही, मग ऑफिसच्या खिडकीवर चार हेलपाटे. खिडकीतल्या बाईंचं एकच : "सिस्टीममध्ये दिसत नाही." शेवटी प्राचार्यांनी पत्रावर शेरा मारला तेव्हा कुठे दिसायला लागलं.

आता मी कोण ते सांगतो. वय २३, बी.कॉम. पास. त्यानंतर दीड वर्ष एका फायनान्सवाल्याकडे थकलेले हप्ते गोळा करत फिरलो. ते काम काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. आयटीआयला वयाची वरची अट नाही आणि मेरिट दहावीच्या मार्कांवर लागतं, म्हणून २०२४ ला फॉर्म भरला. बी.कॉम.चे मार्क कुणी विचारले नाहीत, आईने तेवढे काढले. ऑनलाइन ऑप्शन भरताना एक लक्षात ठेवा : पहिल्या फेरीत पहिल्याच नंबरचा ऑप्शन लागला तर तो घ्यावाच लागतो. माझ्या ओळखीच्या एकाने 'बघू तरी लागतोय का' म्हणून वेल्डर वर टाकला होता. तो आता वेल्डर आहे.

आमच्या तालुक्याच्या आयटीआयचं नाव इथे देत नाही, कारण पुढे थोडं वाईटही लिहिणार आहे आणि मला अजून दहा महिने तिथेच काढायचेत.

गेटवर मोठा बोर्ड आहे, कुशल मनुष्यबळ, रोजगार, स्वयंरोजगार असं सगळं त्यावर. १९५० पासून देशभर चालू असलेली शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना, आयटीआय जिच्यात येतात, ती हीच. अभ्यासक्रम दिल्लीहून येतो, सगळीकडे एकच. वर्षाचे १२०० तास, त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे. हा आकडा मी आधी नुसता वाचला होता. तो काय असतो ते पहिल्या महिन्यात खांद्याला कळलं.

पहिले कित्येक आठवडे आम्ही फक्त लोखंड घासत होतो. एमएस फ्लॅटचा, म्हणजे लोखंडी पट्टीचा, तुकडा हॅकसॉने (लोखंड कापायच्या करवतीने) कापायचा, व्हाइसमध्ये (शिकंज्यात) बांधायचा आणि बस्टर्ड, म्हणजे जाड दातांच्या, कानशीने एक बाजू सपाट करायची. ऐकायला काय, कुणालाही जमेल असं वाटतं. डावा पाय पुढे, पुढे जाताना दाब, मागे येताना कानस हलकी. नवख्याचा हात झोपाळ्यासारखा वर-खाली होतो, मग दोन्ही कडा पडतात आणि मधे पोट राहतं. सर काही बोलायचे नाहीत. जॉब (घासलेला तुकडा) उचलायचे, गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) लावायचे, ट्यूबलाइटकडे धरायचे. पात्याखालून उजेड दिसला की जॉब परत हातात. माझ्या पहिल्या बाजूला दोन्ही टोकांकडून इतका उजेड यायचा की शेजारचा म्हणाला, दादा, खिडकी बसव.

तुकडा घासून घासून बारीक झाला आणि फेकला. असे तीन गेले. चौथ्याला एके दिवशी उजेड आला नाही. सरांनी दोनदा धरला, कोपऱ्यात धरला, आणि "आता दुसरी बाजू, नव्वदमध्ये" एवढंच म्हणून पुढच्या बेंचवर गेले. बी.कॉम.च्या तीन वर्षांत मला एकाही मास्तराचं बोलणं इतकं गोड लागलं नव्हतं.

पुढच्या गोष्टी भराभर आल्या. मोरचूद लावून तांबूस झालेल्या पत्र्यावर स्क्राइबरची (आखायच्या टोकदार सळीची) रेघ कशी चमकते, कानशीच्या दातात कीस अडकून जॉबवर ओरखडे येऊ नयेत म्हणून खडू का चोळतात, व्हर्नियर या मापायच्या हत्यारावर ०.०२ मिमी कसं वाचायचं. टॅपिंगला, म्हणजे भोकात आटे पाडायला, मी माती खाल्ली. एम १० ला (१० मिमीच्या आट्यांना) ८.५ मिमीचं ड्रिल मारलं, इथवर बरोबर. अर्धा फेरा पुढे गेलं की थोडं मागे फिरवून कीस तोडायचा असतो, ते घाईत विसरलो. टॅप आत तुटला. हत्यार मोडलं की भरून द्यायचं असा नियम पहिल्या दिवशी वाचून दाखवला होता. सरांनी टॅप झिजेत दाखवला, पण मोडलेला तुकडा जॉबमधून काढायला मला दोन दिवस बसवलं. पैसे भरले असते तर बरं, असं दुसऱ्या दिवशी दुपारी वाटलं.

नियमांचं म्हणाल तर बरेचसे मला पटलेत. कडं, अंगठी, लोंबणारा दोरा चालत नाही. ड्रिलिंगला हातमोजे घालायचे नाहीत, कारण फिरतं ड्रिल मोजा ओढून घेतं आणि मोज्याबरोबर बोटंही. सेफ्टी शूजशिवाय आत येऊ देत नाहीत. लागोपाठ दहा दिवस न सांगता आलं नाही तर नाव कमी, असं आम्हाला सांगितलं होतं आणि ऊसतोडीला आई-बापाबरोबर गेलेल्या एका मुलाचं ते खरंच झालं. तो सोळा वर्षांचा, हात माझ्यापेक्षा चांगला. अर्ज कुणी लिहून दिला असता तर वाचला असता. सूचना फलकावर नियम लावलाय, पण अर्ज कसा लिहायचा ते फलकावर नाही.

मुलींना ३० टक्के जागा राखीव आहेत. आमच्या वीसच्या बॅचमध्ये तिघी आल्या, दोघी टिकल्या. वर्कशॉपच्या इमारतीतलं मुलींचं स्वच्छतागृह कुलूपबंद, किल्ली ऑफिसात, ऑफिस ग्राउंडच्या पलीकडे. यासाठी निधी लागत नाही, एक खिळा लागतो किल्ली अडकवायला.

साहित्याची बोंब आहे. हॅकसॉ ब्लेड जानेवारीत संपली, आम्ही वर्गणी काढून आणली. तीन लेथपैकी एक चालू, त्यामुळे टर्निंगला वीस जण रांगेत. दुसऱ्या वर्षाला हायड्रॉलिक्स-न्यूमॅटिक्स आहे, त्याचा सरावाचा नवाकोरा संच प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलाय. सर म्हणतात दिवाळीनंतर काढू. एम्प्लॉयबिलिटी स्किल्सला आधी कुणी नव्हतंच, फेब्रुवारीत तासिकेवर एक मॅडम आल्या. त्यांनी मुलाखत द्यायची तालीम करून घेतली, बाकी पुस्तक आम्हीच वाचलं.

ऑन जॉब ट्रेनिंगचे १५० तास असतात. मी एका लहान युनिटमध्ये गेलो. पहिला आठवडा झाडू आणि पॅकिंग. मग त्यांचा तपासणीवाला रजेवर गेला आणि मला व्हर्नियर येतं म्हटल्यावर टेबलावर बसवलं. मालकाला वाटलं आयटीआयच्या पोराला मापं कुठली येणार. तिथून पुढे बरं गेलं.

परीक्षा सोपी समजू नका. थिअरी संगणकावर, ३३ टक्क्यांना पास. पण प्रॅक्टिकलला ६० लागतात, तिथे पाठांतर कामाला येत नाही. आमचे चार जण तिथेच अडकले.

खर्च विचाराल तर सरकारी फी इतकी कमी आहे की खरा खर्च एसटीच्या पासाचा, आणि त्यातही विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत. विद्यावेतन वर्षानुवर्षं महिन्याला ४० रुपये होतं, २०२३ मध्ये ५०० करायचं ठरलं. ते वेळेवर येतं का, हे विचारू नका.

पुढचं सांगायचं तर नोकरीच्या जाहिरातीत जे दिसतं आणि चाकणला जे मिळतं त्यात फरक आहे. आमचे सीनियर बरेचसे ठेकेदाराकडे बारा-बारा तास करतात. त्यापेक्षा अप्रेंटिसशिप धरा : रेल्वे, दारूगोळा कारखाने, एसटीची दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याची मध्यवर्ती कार्यशाळा. तिथे एक वर्ष काढलं की कागदाला वजन येतं. आणि ज्याला अजून शिकायचंय त्याला दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झाला की इंजिनीअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. मात्र गणित कच्चं ठेवून गेलेले दोघे तिथून परत आलेत, त्यामुळे आत्तापासून गणिताचं पुस्तक उघडलंय.

हा ट्रेड कुणी घ्यावा? ज्याला हाताने काहीतरी करायला आवडतं आणि चारदा चुकल्यावर पाचव्यांदा परत तेच करायची लाज वाटत नाही, त्याने डोळे झाकून. ज्याला वातानुकूलित लॅब, प्लेसमेंट सेल आणि फोटो काढायला इमारत हवी, त्याने खाजगी कॉलेजांचे फ्लेक्स वाचावेत. तुमच्या आयटीआयला निदेशकाची (शिकवणाऱ्या सरांची) जागा भरलेली आहे का, एवढं मात्र फॉर्म भरण्याआधी जाऊन बघा. ऑफिसात विचारू नका, दुपारी वर्कशॉपच्या दारात उभं राहा. कानशीचा आवाज येत असेल तर भरलेली आहे.

थंब मशीन गणपतीत बंद पडलं ते अजून दुरुस्त झालेलं नाही. सध्या वहीत सही करतो.