साठीच्या समारंभाला ग्रुप डान्स: 'मॅम्बो नंबर फाइव्ह' की 'माकारेना'?

घरच्या समारंभात सगळ्यांनी मिळून नाचायचं ठरलं की ही दोन नावं हमखास निघतात. दोन्ही गाणी नव्वदच्या दशकातली, जगभर वाजलेली. आणि दोन्हींच्या गायकांना बहुतेक लोक त्या एकाच गाण्यावरून ओळखतात. पण नाचायला उभं राहिलं की दोन्हींतला फरक लगेच कळतो.

लू बेगा म्युनिकचा. वडील युगांडाचे, आई सिसिलीची. 'मॅम्बो नंबर फाइव्ह'ची मूळ चाल क्यूबाच्या पेरेझ प्रादोने 1949 मध्ये बांधली, ती निव्वळ वाद्यांची. बेगाने 1999 मध्ये तिच्यावर शब्द चढवले, मुलींच्या नावांची माळच ओवली. फ्रान्समध्ये हे गाणं तब्बल 20 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. इंग्लंडमधल्या क्रिकेटवेड्यांना ते चॅनल फोरच्या कसोटी प्रक्षेपणामुळे पाठ आहे. मला त्यातले ट्रम्पेट फार आवडतात; ते सुरू झाले की बसलेला माणूसही खुर्चीत हलायला लागतो.

नाचाच्या सूचना गाण्यातच आहेत: उड्या मारा, डोकं हलवा, हात जमिनीला लावा, एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे, एक टाळी, मग दोन. पण त्या झरझर येतात आणि संपतात. बाकीच्या गाण्यात काय करायचं ते कुणीतरी बसवावं लागतं. आमच्या तालमीत जमिनीला हात लावायची वेळ आली तेव्हा मावशीने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मागच्या ओळीने तेच केलं, आणि आमची स्टेप तीच ठरली.

'माकारेना' लोस देल रिओ या जोडीचं. स्पेनमधल्या सेव्हिलजवळच्या दोस एर्मानासचे हे दोघे 1962 पासून एकत्र गात होते. गाणं आलं 1993 मध्ये, पण जगभर गेलं ते मायामीच्या बेसाइड बॉइजच्या रिमिक्समुळे. 1996 मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते 14 आठवडे अव्वल होतं. स्पॅनिश कळणारे पाहुणे असतील तर एक सांगून ठेवते: प्रियकराची सैन्यात भरती होत असताना त्याच्या मित्रांबरोबर मजा करणाऱ्या मुलीची ती गोष्ट आहे. 'मॅम्बो'तही दारूचा उल्लेख आहेच.

इथे नाच मात्र आयता मिळतो. उजवा हात पुढे, तळवा खाली, मग डावा. मग एकेक तळवा वर. मग एकेक हात आपल्याच विरुद्ध बाजूच्या खांद्यावर, डोक्यामागे, कमरेवर. कंबर हलवून उडी मारत पाव गिरकी, की पुन्हा पहिल्यापासून. उडी टाळून नुसतं वळलं तरी चालतं. गोची होते ती वळल्यावर. पुढच्याचं बघून नाचणाऱ्याला आता पुढे कुणी दिसतच नाही. म्हणून नाच पाठ असलेली माणसं चारही कडांना उभी करा, सगळी पहिल्या ओळीत नकोत.

तालमीला दोनच संध्याकाळी असतील आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे नाचणार असतील, तर मी डोळे मिटून 'माकारेना' घेईन. पंधरा दिवस हाताशी असतील, नाच बसवणारं कुणी असेल आणि आठ-दहा जणांचे गुडघे धड असतील, तर 'मॅम्बो'च. त्याची रंगत वेगळीच आहे.

'माकारेना' ठरलं तर तालमीला आणि समारंभाला एकच रेकॉर्ड लावा, तीही रिमिक्सच. मूळ गाण्याला रुंबा फ्लामेंको या स्पॅनिश संगीतशैलीचा ठेका आहे. ऐकायला तो सुरेख वाटतो, पण रिमिक्सवर बसलेल्या हातांचा त्यावर गोंधळ उडतो.