क्रिटावर संकेश्वरी मिरची: रेषा फर्मास, टाइमलाइन बेताची

दहा सेकंदांची कार्टून जाहिरात, व्हॉट्सअॅप स्टेटसला लावता येईल अशी. एकदा मराठीत आणि तीच पुन्हा कन्नडमध्ये. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या एकट्यानं काम करणाऱ्या डिझाइनवाल्याला एवढं काम क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरवर उरकता येतं का, एवढ्याच कसोटीवर हे परीक्षण आहे. पात्र घेतलंय संकेश्वरी मिरचीचं. लांब, सडपातळ, शेपटाकडं किंचित वाकलेली, डोक्यावर देठाचा तुरा. हात दोन, पाय नाहीत, त्यामुळं उड्या मारत चालते. पाय काढायचे नसले की निम्मी कटकट वाचते, आणि सॉफ्टवेअर कुठं अडतं ते स्वच्छ दिसतं.

आधीच सांगायचं तर चित्र काढायला फुकटात याच्या तोडीचं दुसरं नाही. ते चित्र हलवायलाही चालतं, पण काम लांबलं की याला धाप लागते.

क्रिटा त्याच्या स्वतःच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. स्टीमवर आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर तेच पैसे देऊन मिळतं. फरक काही नाही, ते पैसे सॉफ्टवेअरच्या कामाला जातात. अॅनिमेशनची सोय २०१६ च्या ३.० पासून आहे, पण घ्यायचं तर ५.२ किंवा त्याच्या पुढचंच घ्या. कुणीतरी पेनड्राइव्हवरून टाकून दिलेली जुनी प्रत असेल तर ती आधी काढा. ५.२ च्या आधी व्हिडिओ बाहेर काढायला एफएफएमपेग हे व्हिडिओ बनवणारं सॉफ्टवेअर वेगळं उतरवून त्याचा पत्ता द्यावा लागायचा आणि बरेचजण तिथंच अडकायचे. ५.२ पासून ते आतच येतं. आवाज आणि चित्र यांचा मेळही याच आवृत्तीत नव्यानं बसवला. कॉम्प्युटर ६४ बिटचा हवा. अँड्रॉइड टॅबवरही क्रिटा चालतं, मोबाइलवर मात्र त्याचा नाद करू नये.

फाइल १९२० बाय १०८०, आरजीबी, ८ बिट. १६ बिट निवडायचा मोह होतो, पण त्यानं मेमरी सरळ दुप्पट लागते आणि सपाट रंगाच्या मिरचीत फरक दिसत नाही. हिशेब सोपा आहे: १९२० गुणिले १०८० गुणिले ४ बाइट, म्हणजे एका भरलेल्या चित्राला साधारण ८.३ एमबी. सेकंदाला २४ फ्रेम (चित्राच्या चौकटी) धरल्या तर दहा सेकंदांच्या २४० फ्रेमना जवळजवळ २ जीबी होतात, तेही एका थरासाठी (लेयरसाठी). थराचा कोरा भाग क्रिटा साठवत नाही, म्हणून प्रत्यक्षात कमी लागतं. तरी ८ जीबी रॅमवर दहा सेकंदांच्या वर जाऊ नका. १६ जीबी असेल तर वीस-पंचवीस सेकंदांपर्यंत निभतं. मेमरी पुरत नसेल तर सेटिंगमधल्या परफॉर्मन्समध्ये अॅनिमेशन कॅश, म्हणजे प्रिव्ह्यूसाठी तयार ठेवलेल्या फ्रेम, डिस्कवर ठेवता येते. हार्डडिस्क जुनी फिरती असेल तर त्यानं अजूनच रखडतं, एसएसडी असेल तर बरं चालतं.

आता रेषा. क्रिटाची खरी मिजास इथं आहे. ब्रशच्या टूल ऑप्शनमध्ये ‘स्टॅबिलायझर’ लावलं की मिरचीची लांब कमान एका दमात, न थरथरता येते. स्वस्तातल्या स्क्रीन नसलेल्या टॅबलेटवर हात बसलेला नसतो, तिथं हे फार कामाचं. इंक गटातला जीपेन ब्रश घ्यायचा, बाहेरची रेषा ८ पिक्सेल, आतली ५. ३ पिक्सेलची नाजूक रेषा मॉनिटरवर छान दिसते आणि मोबाइलवर पुसून जाते. मिरचीची उंची ७०० पिक्सेलच्या आसपास ठेवा, उडी मारायला वर जागा उरते. ‘एम’ दाबलं की कॅनव्हास आरशासारखा उलटा दिसतो. एक डोळा वर, एक खाली ही चूक त्यातच सापडते. ‘ई’ दाबलं की हातातलाच ब्रश खोडरबर होतो, आणि ते विसरून रेषा का उमटत नाही म्हणून माणूस टॅबलेटच्या वायरी हलवत बसतो.

पेनचा दाब लागत नसेल तर टॅबलेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय आहेत. जो चालू असेल तो सोडून दुसरा लावा आणि क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. आधीच्या टॅबलेटचा ड्रायव्हर काढून टाकलेला नसला तरी हेच दुखणं येतं. कॅनव्हास काळा पडत असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये ओपनजीएल आणि डायरेक्ट थ्रीडी यांची अदलाबदल करून बघायची.

थर असे लावा: सगळ्यात खाली पार्श्वभूमी, मग रंग, रेषा, डोळे, तोंड, आणि सगळ्यांवर कच्चं रेखाटन. पार्श्वभूमी सोडून बाकीचे एका गटात घाला. तोंड वेगळं का, ते पुढं येईल.

टाइमलाइनवर, म्हणजे फ्रेम ओळीनं मांडलेल्या पट्टीवर, नवखे लोक हमखास तीन ठिकाणी फसतात. पहिली गोष्ट, थर आपोआप हलता होत नाही. टाइमलाइनच्या चौकोनावर राइट क्लिक करून ‘क्रिएट ब्लँक फ्रेम’ करावं लागतं. ते केलं नाही तर काढलेलं चित्र सगळ्या फ्रेमवर तसंच थांबून राहतं. दुसरी जास्त महागात पडते. पहिल्या फ्रेमला चित्र आहे, तुम्ही आठव्यावर जाऊन काढायला लागलात, पण आठव्यावर नवी फ्रेम केलेलीच नाही. मग तुम्ही पहिल्याच चित्रावर गिरवत असता आणि कळतं तेव्हा ते बिघडलेलं असतं. यावर उपाय म्हणजे टाइमलाइनवरचं ऑटो-फ्रेमचं बटण चालू ठेवणं. तिसरी फसगत ‘ओनियन स्किन’ची. मागचं-पुढचं चित्र फिकट दिसावं म्हणून थराजवळचा बल्ब लावायचा असतो. बल्ब लावूनही काही दिसत नाही, कारण माणूस पांढऱ्या रंगानं भरलेल्या मूळ थरावरच काढत बसलेला असतो. ज्या थरावर काढताय तो पारदर्शक असल्याशिवाय मागचं दिसणार कसं?

उडीचं गणित सेकंदाला २४ फ्रेमवर असं बसतं: दबणं ४ फ्रेम, झेप २, हवेत ६, आपटणं २, सावरणं ४. एकूण १८. प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकवलं तर नऊ चित्रांत काम होतं. झेपेत मिरची १२० टक्के लांब केली तर रुंदी ८५ टक्क्यांवर आणा, नाहीतर ती उडी मारताना फुगल्यासारखी वाटते. हवेतली चित्रं शिखराजवळ एकमेकांना खेटून आणि जमिनीजवळ लांब लांब. सगळी सारख्या अंतरावर ठेवली तर मिरची लिफ्टमधून वर गेल्यासारखी दिसते. पुढं सरकवण्यासाठी प्रत्येक चित्र हलवत बसू नका. ५.० पासून ट्रान्सफॉर्म मास्कला (थर सरकवणाऱ्या, ताणणाऱ्या आवरणाला) की-फ्रेम, म्हणजे कुठल्या फ्रेमला तो कुठं असेल याच्या खुणा, देता येतात. गटाला मास्क लावायचा आणि आडवी हालचाल त्यावर सोपवायची. फक्त ते लावल्यावर प्रिव्ह्यू जड होतो, तेव्हा हे काम शेवटी.

तोंडासाठी क्रिटातली सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी सोय म्हणजे क्लोन फ्रेम. एकच चित्र टाइमलाइनवर पन्नास ठिकाणी लावता येतं, आणि कुठल्याही एका ठिकाणी दुरुस्त केलं की पन्नासही सुधारतात. त्यामुळं तोंडाची सात चित्रं पुरतात. कुठली सात, हे इंग्रजी तक्त्यांवरून ठरवण्याची गरज नाही, शाळेत पाठ केलेली वर्णमालाच तो तक्ता आहे. ओष्ठ्य म्हणजे प, ब, भ, म: ओठ मिटलेले. व, आणि ‘फॅन’मधला फ: खालचा ओठ वरच्या दातांना. दंत्य त, थ, द, ध, न आणि त्यांच्यासोबत ल: तोंड अर्धवट, जीभ दातांमागं. आ: मोठं उघडं. इ, ए: ओठ ताणलेले. उ, ओ: चंबू. सातवं चित्र सैल, किंचित उघडं. अ, क-वर्ग, ट-वर्ग, ळ सगळं त्यातच भागवायचं, कारण ही अक्षरं तोंडाच्या आत उच्चारली जातात आणि बाहेरून फारसं काही दिसत नाही.

‘मिरची झोंबली का?’ हे वाक्य घ्या. ‘मि’ला ओठ मिटलेले दोन फ्रेम, मग ताणलेले. ‘झों’ला चंबू. पुढं अनुस्वार आहे, पण त्याच्यामागून ब येतो, म्हणजे उच्चार म् होतो आणि ओठ ब सुटेपर्यंत मिटलेलेच राहतात. इथं मिटलेलं तोंड चार फ्रेम टिकवा. नेहमीप्रमाणं दोन ठेवलं तर ‘झोबली’ म्हटल्यासारखं दिसतं. ‘ली’ला जीभ, ‘का’ला मोठा आ. प्रत्येक चित्र आवाजाच्या एक फ्रेम आधी लावा. आधी ओठ हलतो, मग आवाज येतो.

आता तीच मिरची कन्नडमध्ये, इकडच्या बोलीत विचारते, ‘खार आतेन?’ म्हणजे तिखट लागलं का? या वाक्यात ओठ एकदाही मिटत नाहीत. म्हणून मराठीवर बसवलेल्या तोंडावर नुसता कन्नड आवाज चढवला की सगळं खोटं वाटतं, आणि आपल्या भागातला प्रेक्षक दोन्ही भाषा ऐकणारा, त्याला ते लगेच खटकतं. दिलासा एवढाच की कन्नडची वर्णमालाही याच क्रमानं आहे, तेव्हा चित्रं तीच सात वापरायची. फाइलची दुसरी प्रत करा, फक्त तोंडाच्या थराची टाइमलाइन पुसा आणि क्लोन नव्यानं मांडा. आवाज आधीच कापून, डब्ल्यूएव्हीमध्ये करून आणा. क्रिटात तो फक्त वाजतो, कापता-जोडता येत नाही. त्यासाठी ऑडॅसिटी बरं.

रंग भरताना फिल टूलला संदर्भ म्हणून सगळे थर द्या आणि ‘ग्रो’ २ पिक्सेल ठेवा. रंग रेषेखाली सरकतो आणि कडेला पांढरी किनार राहत नाही. कच्च्या रेखाटनाचा थर मात्र आधी झाका, नाहीतर त्याच्याही रेघांना रंग अडतो. रेषेत फट राहिली तर सगळा पडदा लाल होतो, देठाजवळ ही फट हमखास असते. ५.१ पासून आलेलं ‘एन्क्लोज अँड फिल’ हाताशी ठेवा. भोवती वेढा घातला की आतले बंद भाग एका झटक्यात भरतात.

पण गिऱ्हाईक म्हणालं, ‘लाल जरा गडद करा’, की क्रिटाचा उणेपणा उघडा पडतो. इथला रंग म्हणजे नुसते पिक्सेल, त्यामुळं एका चित्रात रंग बदलला म्हणून बाकीच्या चित्रांत आपोआप बदलत नाही. ओपनटून्झ या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग पॅलेटला बांधलेला असतो, पॅलेटमध्ये एकदा बदलला की सगळ्या चित्रांत बदलतो. हेही फुकटच. मूळचं इटालियन टून्झ, जपानच्या घिबली स्टुडिओनं वापरलेलं, २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याचा तोंडवळा मात्र रुक्ष आहे आणि पहिला आठवडा नुसता बटणं शोधण्यात जातो. काम अर्ध्या मिनिटाच्या वर जाणार असेल, किंवा तेच पात्र महिनोन्महिने वापरायचं असेल, तर तो आठवडा खर्च करा. पात्राचा नमुना क्रिटात आणि हालचाल ओपनटून्झमध्ये, अशी वाटणी उत्तम.

अक्षरांबद्दल थोडंच. श्रीलिपी किंवा जुन्या नुडी या युनिकोड नसलेल्या फाँटांत टाइप केलेला मजकूर क्रिटात चिकटवला की चिन्हांचा काला होतो, युनिकोडमध्येच टाइप करा. दोन्ही लिप्यांतलं नाव जुळतं दिसायला हवं असेल तर देवनागरीला बलू आणि कन्नडला बलू तम्मा हे फाँट घ्या, दोन्ही एकाच घराण्यातले आणि फुकट. अक्षरांचा थर फ्रेममागून फ्रेम हलवता येत नाही, म्हणून तो पेंट थरात बदलून घ्यायचा. बदलण्याआधी एक प्रत बाजूला, कारण नंतर काना-मात्रा दुरुस्त होत नाही.

पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडं लाइटचा भरवसा नाही. जनरल सेटिंगच्या फाइल हँडलिंगमध्ये ऑटोसेव्ह तीन मिनिटांवर आणा. मोठ्या फाइलला त्या वेळी क्षणभर हात अडतो, ते सोसायचं. शिवाय कंट्रोल-ऑल्ट-एस दाबलं की पुढच्या क्रमांकाची नवी प्रत तयार होते. उडीचा एक टप्पा झाला की एकदा दाबायचं.

शेवटी ‘रेंडर अॅनिमेशन’. थेट व्हिडिओ न काढता आधी पीएनजीची मालिका काढा. मधेच लाइट गेली तर तोवरच्या फ्रेम हातात राहतात, आणि एखादी बिघडली तर तेवढीच पुन्हा काढता येते. मग ती मालिका आणि आवाज कुठल्याही व्हिडिओ एडिटरमध्ये जोडून एमपी४ करा. जोडताना तिथंही सेकंदाला २४ फ्रेमच ठेवा. एडिटरनं ३० धरल्या तर दहा सेकंदांचं काम आठ सेकंदांत उरकतं आणि मिरची ‘का?’ म्हणायच्या आधीच तोंड मिटून मोकळी होते.