खुर्ची जुनी, हात नवे

इंग्लंडात जुनं फर्निचर हौसेने घेणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. क्वीन ॲनच्या कारकिर्दीतली (1702 ते 1714) अक्रोडाची हातांची खुर्ची म्हणून इथल्या अँटिक बाजारात मला जे विकलं, ते अर्धंच खरं निघालं.

पाय गुडघ्याशी फुगून घोट्याशी आत वळलेले, पाठीला मधोमध फुलदाणीच्या आकाराची फळी, उचलून काढता येणारी गादी. सगळं त्या काळाला धरून. हातांवर किडीचे लांबलचक चर होते. त्यांवर बोट ठेवून विक्रेता म्हणाला, "वयाचा याहून मोठा पुरावा कोणता?"

वेत दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या कारागिराने खुर्ची पाहिली आणि नेमक्या त्याच चरांना तो हसला. कीड लाकडाच्या पोटातून चालते. बाहेर पडते तेव्हा वर दिसतात ती फक्त बारीक गोल भोकं. वरून उघडे चर दिसले की समजायचं, कीड लागून गेल्यावर कोणीतरी ते लाकूड कापलंय. म्हणजे हात दुसऱ्याच कुठल्या मोडक्या जुन्या सामानातून घडवलेले. मग त्याने गादी काढली, आतल्या बाजूने हाताला मारलेला स्क्रू सोडवून माझ्या तळहातावर ठेवला. टोकदार! असे स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आले, आधीचे बोथट असत. एकटा स्क्रू असता तर मागाहून केलेली डागडुजी म्हणून सोडून दिलं असतं. पण बैठकही अरुंद भरली. हातांच्या खुर्चीची बैठक बिनहातांच्या खुर्चीपेक्षा दोनेक इंच तरी रुंद ठेवत, नाहीतर माणूस मावणार कसा?

कारण उघड आहे. सेटमध्ये बिनहातांच्या खुर्च्या बऱ्याच, हातांच्या एकदोनच, त्यामुळे त्यांना भाव चढा. साध्या खुर्चीला हात जोडायची ही चलाखी या धंद्यात जुनीच.

विक्रेत्याला फोन केला तर शांतपणे म्हणतो, "खुर्ची जुनी आहे म्हणालो होतो, हातांबद्दल कुठे बोललो?" पावतीवर त्याने 'क्वीन ॲन स्टाइल' असं लिहिलेलं. 'स्टाइल' म्हटलं की काळाची हमी संपली. पैसे अजून अडकलेत.

तेव्हा पैसे मोजण्याआधी गादी काढायला लावा, बैठकीला टेप लावा, आणि पावतीवर साल व 'हात मूळचे' हे दोन्ही लिहून घ्या. कुरकुर केली तर खुर्ची तिथेच राहू द्या.