लेन्सच्या कपाटात जॅझची पुस्तकं: एका पावसाळ्यानंतर

ही गोष्ट ड्राय कॅबिनेटची, म्हणजे कॅमेरे-लेन्सा कोरड्या ठेवणाऱ्या विजेच्या कपाटाची. आधी त्याच्या त्या हिरव्या आकड्याबद्दल. आतली आर्द्रता किती टक्के ते सांगणारा हा आकडा, दारावर चोवीस तास ४५ दिसायचा. ऑगस्टमध्ये माहीमला ऊन नावालाही नव्हतं, गॅलरीतले टॉवेल वाळता वाळत नव्हते, आणि हा आपला ४५. शेवटी मी दार सताड उघडं टाकून समोर बसले. चहा संपला, पेपर वाचून झाला, तरी ४५. मशीन केव्हाच बंद पडलं होतं, जिवंत होता तो फक्त आकडा.

कंपनीचं नाव घेत नाही, भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही. ज्यांनी कॅमेऱ्यासाठी ड्राय कॅबिनेट घेतलंय त्यांना लिटर, वॉट, फळ्या सगळं पाठ असेल, ते इथे उगाळत नाही. माझ्याकडे कॅमेरा नाहीच. जॅझच्या छायाचित्रांची पुस्तकं आहेत, वीस-बावीस वर्षांत जमवलेली, आणि हे कपाट त्यांच्यासाठी घेतलं.

ही पुस्तकं मुळात काळी असतात. हर्मन लिओनार्डने १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबमध्ये सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनचा फोटो काढला, त्यात मागून आलेल्या उजेडात सिगारेटचा धूर दिसतो आणि बाकी बहुतेक अंधार. बर्लिनहून १९३९ मध्ये न्यूयॉर्क गाठलेला फ्रान्सिस वुल्फ ‘ब्लू नोट’ या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगला कॅमेरा घेऊन उभा असायचा. त्याच्या फोटोंत वादकाचा चेहरा आणि वाद्य उजळलेलं, मागे काळंकुट्ट. रॉय डिकरावा तर असेल त्याच उजेडात काम करणारा माणूस, त्याचं ‘द साउंड आय सॉ’ इतकं गडद आहे की ट्यूबलाइटखाली निम्मी पानं दिसतच नाहीत, खिडकीशी न्यावं लागतं. एवढी शाई ज्या पानावर आहे तिथे बोटाचा ठसा दिसतो, बुरशीचा टाचणीएवढा ठिपकाही दिसतो. त्यातून बरीचशी पुस्तकं आर्ट पेपरवर. त्या कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो. ओल लागून दोन पानं चिकटली की सोडवताना लेप निघतो, आणि त्याच्याबरोबर सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनचं नाकही.

मी या बाबतीत जरा अतिच करते असं घरचे म्हणतात. म्हणोत. लिओनार्ड म्हातारपणी न्यू ऑर्लिन्सला राहायचा. २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळ आलं, घरात पाणी शिरलं आणि त्याने स्वतः केलेले आठेक हजार प्रिंट गेले. निगेटिव्ह आधीच ऑग्डेन संग्रहालयाच्या तिजोरीत हलवल्या होत्या म्हणून वाचल्या. त्याच्या महिनाभर आधी, २६ जुलैला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, ते वेगळं सांगायला नको. कलिन्याला तळमजल्यावर राहणाऱ्या माझ्या मामाच्या रेकॉर्डी त्या रात्री गेल्या. तेव्हापासून आमच्याकडे सगळ्यात खालच्या फळीवर फक्त चपला.

कपाटाचे १४,५०० रुपये मोजले. तेवढ्यात दोन उत्तम पुस्तकं परदेशातून घरपोच आली असती, हे मीच सगळ्यांच्या आधी बोलून टाकलं. या पुस्तकांत छापील किमतीपेक्षा वजन मारतं. टपालखर्च किलोवर, आणि २०१९ च्या अर्थसंकल्पात बाहेरून येणाऱ्या पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्कही बसलं. पूर्वी स्ट्रँड या पुस्तकांच्या दुकानाच्या सुंदराबाई हॉलमधल्या सेलची वाट बघायचो. स्ट्रँड २०१८ मध्ये बंद झालं, त्याच्या दोन वर्षं आधी रेकॉर्डींचं ऱ्हिदम हाउस. उरले फाउंटन आणि किंग्ज सर्कलचे फुटपाथवाले, त्यांच्याकडे जॅझचं पुस्तक म्हणजे मटकाच. यजमानांचा मुद्दा वेगळा: विल्यम गॉटलिबचे जॅझचे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत, २०१० पासून हक्कमुक्त, कुणीही फुकट बघावेत, मग हा खटाटोप कशाला? हिशेब त्यांचा चोख आहे. पण स्क्रीनवरच्या काळ्यामागे दिवा असतो, आणि मला दिव्याशिवायचा काळा हवा.

पहिला राग मापांचा. जाहिरातीत बाहेरचं माप ठळक, आतलं कुठेच नाही. रबरी पट्टी, फळीची कड आणि मागचा यंत्राचा डबा वजा केला की जे उरतं त्यात लेन्सा मजेत राहतात, ‘जॅझलाइफ’ राहत नाही. विल्यम क्लॅक्स्टन आणि जर्मन समीक्षक योआखिम-अर्न्स्ट बेरेंट १९६० मध्ये गाडीने अमेरिकाभर फिरले, त्या प्रवासाचं हे पुस्तक. माझ्याकडची मोठी आवृत्ती ४० सेंटीमीटरच्या आसपास उंच आहे. उभं मावत नाही, आडवं मावत नाही, तिरकं घातलं तर दार लागत नाही. म्हणजे माझ्याकडचं सर्वांत महाग पुस्तक पावसाळाभर बाहेर, हॉलमधल्या टीपॉयवर.

जून-जुलैत मात्र मी कपाटाची भलतीच स्तुती करत होते. आवाज नाही, विजेच्या बिलात फरक नाही, पुस्तकांचा तो कोंदट वास गेला. जाऊबाईंनाही घ्यायला सांगून बसले. मग सहज चारशे रुपयांचा काट्याचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं घड्याळ, आणून खालच्या फळीवर ठेवला. वर हिरवा ४५, खाली काटा ६० च्या घरात. खोटं कोण बोलतंय? त्याची परीक्षा घरच्या घरी होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतपत भिजेल एवढंच पाणी घाला, हायग्रोमीटरसह घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हा मिठाचा गुणधर्म आहे. माझा काटा ७३ वर थांबला. दोन टक्के पदरचे धरले तरी खोटा हिरवाच.

इथे मी मत थोडं बदललं, नोंदवून ठेवते. हिरवा आकडा त्या वेळी सर्वस्वी खोटा नव्हता. सेन्सर वर, यंत्राला लागून, म्हणजे तो नुकत्याच सुकवलेल्या हवेला विचारतो ‘कशी आहेस’. खाली मी पुस्तकं दाबून भरलेली, हवेला फिरायला जागा नाही. शिवाय कागद स्वतःच पाणी धरून असतो. लेन्स ठेवली की तासाभरात कोरडी, पण पंचवीस किलो कागद आठवडेच्या आठवडे ओल सोडत राहतो. दोन फळ्या अर्ध्या रिकाम्या केल्या, पुस्तकं भिंतीपासून बोटभर पुढे ओढली, तशी खालची आर्द्रता ५४ वर आली. ठीक आहे. पण मग हे मॅन्युअलमध्ये लिहायला काय धाड भरली होती? तिथे अकरा भाषांत फक्त ‘आत अन्न ठेवू नये’.

आणि मग ऑगस्टमध्ये ते वर सांगितलेलं. यंत्र नेमकं कधी थांबलं कळायला मार्ग नाही, कारण आकडा शेवटच्या जागी गोठून बसला होता. बिघडणं मी समजू शकते. बिघडल्यावर ‘सगळं उत्तम’ म्हणत राहणं नाही. दिवा विझला असता, आकडा गेला असता, नुसतं टूं टूं वाजलं असतं तरी चाललं असतं. डिकरावाच्या पुस्तकात शेवटच्या काही पानांवर राखाडी ठिपके आले. मऊ कोरड्या ब्रशने, खिडकीबाहेर धरून झटकले, उन्हात ठेवलं नाही. बरेचसे गेले. एक सॅक्सोफोनवाल्याच्या कोटावर राहिला आहे, ज्याला माहीत नाही त्याला तो बटण वाटतो.

तक्रार केल्यावर फोनवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, त्यात पुस्तकं ठेवली असतील तर वॉरंटी बसत नाही.” वॉरंटी कार्ड हातातच होतं. “कुठे लिहिलंय ते वाचून दाखवा.” शांतता. मग “वरिष्ठांशी बोलते.” हे वरिष्ठ गणपतीपर्यंत कुणाशीच बोलले नाहीत. तोवर मी प्रिन्सेस स्ट्रीटहून सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे खडे, आणलं आणि मलमलीच्या पुरचुंड्या करून फळ्यांवर ठेवल्या. निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. पांढरं किंवा नारिंगी घ्या, आणि शोषलेली ओल उडवायला ते तापवाल तेव्हा स्वयंपाकाची कढई वापरू नका.

सप्टेंबर संपता संपता, पाऊस परतीला लागल्यावर, तंत्रज्ञ आला. चुणचुणीत मुलगा, परळचा. आल्या आल्या म्हणाला, “काकू, ह्याच्यात कॅमेरा ठेवायचा असतो.” मी म्हटलं, “तू बदल तर खरं.” मागचा सगळा डबाच त्याने बदलला. वर ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ पडलं होतं, नरेश फर्नांडिसांचं, मुंबईतल्या जॅझवरचं. ट्रम्पेट घेतलेला माणूस कोण म्हणून त्याने विचारलं. चिक चॉकलेट, सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’च्या संगीतात याचा हात होता, असं सांगितल्यावर गड्याने तिथल्या तिथे ‘शोला जो भडके’ची शीळ घातली. आधी हात पुसायला लावले, मग पुस्तक दिलं. त्याच्यावर माझा राग नाही.

नव्या यंत्राचा आकडा हलतो, दार उघडलं की चढतो. आता उलटी तऱ्हा. कारखान्याने ठरवून दिलेलं ४० तसंच होतं, हिवाळ्यात वुल्फच्या पुस्तकाचा पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकायला लागला. कागदाला इतका कोरडेपणा सोसत नाही. आता ५० वर ठेवलंय, पुठ्ठा हळूहळू बसतोय. पुस्तकांसाठी घेणार असाल तर पहिल्याच दिवशी ५० करा, आणि आतलं माप दुकानात स्वतः टेपने घ्या.

टीपॉयवरच्या ‘जॅझलाइफ’ला काही म्हणजे काही झालं नाही. दिवसभर पंखा, आणि येणारा-जाणारा पानं उलटतोच. बुरशीला हलती हवा मानवत नाही. १४,५०० रुपयांच्या दृष्टीने हे फारसं सुखाचं वाक्य नाही.

परवा कंपनीतून पुन्हा फोन, तीच मुलगी. वाढीव वॉरंटी घेता का, वर्षाला २,२०० रुपये. म्हटलं, घेते, पण ‘पुस्तकं ठेवलेली चालतील’ असं लेखी द्या. “वरिष्ठांशी बोलते,” म्हणाली.